एका शहराने ठेवलेला गुठळ्यांचा हिशेब

अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या पश्चिमेला, वुस्टर नावाचे जुने कारखानदारीचे शहर आहे. १९८५-८६ या काळात या शहरातल्या आणि आसपासच्या गावांतल्या १६ रुग्णालयांमधून घरी गेलेल्या किंवा दगावलेल्या रुग्णांचे केसपेपर नंतर एकेक करून पुन्हा उघडले गेले. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी कुणाला झाली, ती सुटून कुणाच्या फुप्फुसात अडकली आणि त्यातले किती जण वाचले, एवढेच त्या कागदांतून शोधायचे होते. डिस्चार्ज कार्डावर लिहिलेल्या निदानावर संशोधक विसंबले नाहीत. तपासणीचा अहवाल बघायचा, लक्षणे ताडून पाहायची आणि मगच रुग्णाचे नाव यादीत घालायचे, अशी शिस्त त्यांनी पाळली.

या यादीतून जे निघाले ते १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. दर एक लाख लोकांमागे वर्षाला ४८ जणांच्या पायात नव्याने गुठळी होत होती आणि २३ जणांच्या फुप्फुसात ती पोहोचत होती. रुग्णालयात असतानाच दगावणाऱ्यांचे प्रमाण १२ टक्के होते. अभ्यासाचे प्रमुख फ्रेडरिक अँडरसन. त्यांच्या सोबत होते ब्राउनेल व्हीलर हे शल्यविशारद, शिरेतला अडथळा विजेच्या सौम्य प्रवाहाने ओळखण्याच्या तंत्रावर काम केलेले. लेखकांच्या त्याच यादीत एन. ए. पटवर्धन असेही एक नाव आहे, आणि ते मराठी वाचकाच्या नजरेतून सुटणारे नाही.

वुस्टरने हा हिशेब पुढेही चालू ठेवला. तेच शहर आणि मोजण्याचीही बहुतांशी तीच रीत. २००९ पर्यंतचे आकडे २०१४ मध्ये छापून आले तेव्हा दिसले की पहिल्यांदाच गुठळी झालेल्यांचे प्रमाण १९८५-८६ मध्ये लाखामागे ७३ होते, ते १३३ वर गेले आहे. म्हणजे पंचवीस वर्षांत पावणेदोन पटीहून जास्त. या पंचवीस वर्षांत शस्त्रक्रियेनंतर रक्त गोठू न देणाऱ्या हेपारिनची इंजेक्शने देणे सर्रास झाले होते, रुग्णाला दुसऱ्या दिवशी चालवणे नेहमीचे झाले होते, पायाला घट्ट मोजे आले होते. इतके सगळे करूनही आकडा चढला. मग वुस्टरची माणसे जास्त आजारी पडू लागली होती का?

या प्रश्नाचे उत्तर एका शहराच्या पंचवीस वर्षांत मिळत नाही. त्यासाठी बरेच मागे जावे लागते.

शिरेतल्या गुठळीचे सर्वात जुने ओळखू येणारे वर्णन १२७१ सालचे मानले जाते. नॉर्मंडीतला राऊल नावाचा वीस वर्षांचा चांभार. त्याचा उजवा पाय घोट्यापासून सुजला, सूज मांडीपर्यंत चढली, पुढे जखमा झाल्या. शल्यवैद्याने वाट बघायला सांगितले. राऊल संत लुई यांच्या समाधीवर गेला, तिथल्या शिळेखालची धूळ जखमांना लावली आणि बरा झाला, असे संताच्या चमत्कारांची नोंद करणाऱ्या हस्तलिखितात म्हटले आहे. एका माणसाची कथा टिकली ती चमत्कारामुळे. पाय सुजून गेलेल्या इतरांची नोंद ठेवण्याचे कुणाला कारण नव्हते.

नंतरच्या शतकांत गुठळी दिसली ती मुख्यतः बाळंतिणींमध्ये. बाळंतपणानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत एक पाय पांढराफटक होऊन सुजायचा, ठणकायचा. स्तनातले दूध वाट चुकून पायात उतरले, अशी युरोपभर समजूत होती. मँचेस्टरच्या चार्ल्स व्हाइट या डॉक्टरने १७८४ मध्ये ही समजूत खोडून काढली, पण खरे कारण काही त्यालाही सापडले नाही. ते सापडले १८२३ मध्ये, डेव्हिड डेव्हिस यांनी मृत स्त्रियांच्या शिरा उघडून पाहिल्या तेव्हा. शिरा गोठलेल्या रक्ताने बुजलेल्या होत्या.

पुढचा धागा बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्शोने जोडला. फुप्फुसाच्या धमनीत सापडणारी गुठळी तिथे तयार होत नाही, ती पायातून सुटून रक्ताबरोबर वाहत येते, हे त्याने १८४० च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग करून दाखवले. गुठळी होण्याची जी तीन कारणे वैद्यकाचे विद्यार्थी आजही पाठ करतात ती त्याच्याच नावावर आहेत: रक्ताचा वेग मंदावणे, शिरेच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताचा स्वतःचाच कल गोठण्याकडे झुकणे. समाजात गुठळ्यांचे प्रमाण कधी चढते आणि कधी उतरते, हे समजून घ्यायलाही ही तीन कारणे पुरेशी पडतात. अट एकच, की रुग्णाइतकेच त्याच्या भोवतालच्या रीतींकडेही बघायला हवे.

त्यातली सर्वात मोठी रीत म्हणजे अंथरूण.

एकोणिसाव्या शतकात विश्रांती हेच औषध मानले जाई. १८६३ मध्ये जॉन हिल्टन या इंग्रज शल्यविशारदाने विश्रांतीच्या महतीवर ग्रंथ लिहिला आणि पुढच्या कित्येक पिढ्यांनी तो प्रमाण मानला. हर्नियाची शस्त्रक्रिया असो की बाळंतपण, दोन-तीन आठवडे खाटेवरून उठायचे नाही. भूल आणि जंतुनाशके आल्यावर शस्त्रक्रिया वाढल्या, त्याबरोबर अशी झोपून राहणारी माणसेही वाढली. शस्त्रक्रिया यशस्वी, टाके कोरडे, रुग्ण घरी जायच्या तयारीत, आणि पहिल्यांदा उभा राहताच धाप लागून कोसळला, असे प्रसंग प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने पाहिले होते. शिकागोच्या एमिल रीस यांनी १८९९ मध्येच रुग्णांना लवकर उठवून चालवावे, असे सांगितले होते. ते फारसे कुणी मनावर घेतले नाही.

ही रीत मोडायला दुसरे महायुद्ध लागले. खाटा कमी, जखमी जास्त, परिचारिका अपुऱ्या. रुग्णांना लवकर उठवणे ही आधी नाइलाजाने केलेली गोष्ट होती. उठलेले रुग्ण झोपून राहिलेल्यांपेक्षा लवकर बरे होतात, हे तेव्हा ढळढळीत दिसले. डेट्रॉइटचे डॅनियल लाइथाउझर लवकर चालवण्याचा जोरदार पुरस्कार करू लागले. १९४७ मध्ये लंडनच्या रिचर्ड ॲशर यांनी अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर एक खुसखुशीत लेख लिहिला. शरीराचा एकेक भाग घेऊन झोपून राहिल्याने त्याचे काय होते ते सांगायचे, अशी त्याची मांडणी होती. त्यात शिरांमधल्या गुठळ्यांचा नंबर अर्थातच लागला.

त्याच युद्धाने एक क्रूर प्रयोगही घडवला. १९४० च्या शरद ऋतूत लंडनवर रात्रीमागून रात्री बॉम्ब पडत होते. हजारो लोक तळघरांत आणि निवाऱ्यांत रात्र काढत. झोपायला जागा नसल्याने बरेच जण घडीच्या कापडी खुर्च्यांत बसूनच झोपत. या खुर्चीची पुढची लाकडी पट्टी मांडीच्या मागच्या बाजूला, गुडघ्याच्या वर रुतते आणि शिरेतून वर जाणारे रक्त अडते. सकाळी घरी जायला उठलेली माणसे, त्यातही प्रौढ आणि वयस्कर, अचानक कोसळू लागली. न्यायवैद्यक तज्ज्ञ कीथ सिम्प्सन यांच्यासमोर शवविच्छेदनासाठी ही प्रेते येत होती. फुप्फुसातल्या गुठळीने झालेले मृत्यू आदल्या वर्षीच्या त्याच काळाच्या सहापट झाल्याचे त्यांनी नोंदवले. निवाऱ्यांत आडवे होण्यासाठी फळ्यांच्या खाटा आल्या आणि हे मृत्यू कमी झाले.

लंडनकरांचे रक्त त्या दोन महिन्यांत बदलले नव्हते. बदलली होती ती बसण्याची पद्धत. हाच प्रकार साठ वर्षांहून जास्त काळाने जपानमध्ये घडला. २३ ऑक्टोबर २००४ रोजी निगाता प्रांतात भूकंप झाला. धक्के थांबत नव्हते, म्हणून हजारो लोक घराऐवजी मोटारीत झोपू लागले. पाय दुमडून, पाणी कमी पिऊन, कारण स्वच्छतागृह लांब. त्यातल्या काही जणांना फुप्फुसात गुठळी होऊन मृत्यू आला. जपानी लोकांत गुठळ्या फार विरळ, असे डॉक्टर तोवर मानत आले होते. २०१६ मध्ये कुमामोतोच्या भूकंपानंतरही तेच दिसले.

अंथरुणाची रीत मोडत असताना औषधेही आली. हेपारिनचा शोध १९१६ चा, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या जे मॅक्लीन या विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून लागलेला. माणसांना ते शस्त्रक्रियेनंतर देण्यापर्यंत १९३७ उजाडले: टोरोंटोत गॉर्डन मरे आणि स्वीडनमध्ये क्लॅरेन्स क्राफूर्ड. गोळ्यांच्या रूपातले औषध आले ते गोठ्यातून. सडलेले गोड क्लोव्हर गवत खाऊन अमेरिकेतली गुरे रक्तस्रावाने मरत होती. १९३३ च्या हिमवादळात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले न गोठणारे रक्त घेऊन कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत धडकला. त्या रक्तापासून सुरू झालेल्या शोधातून पुढे वॉर्फरिन निघाले. १९४८ मध्ये ते आधी उंदीर मारायला बाजारात आले आणि काही वर्षांतच माणसांना दिले जाऊ लागले.

रक्त गोठू न देणाऱ्या औषधांनी जीव वाचतो, हे ब्रिस्टलमधल्या एका छोट्या चाचणीने १९६० मध्ये ठरवले. फुप्फुसात गुठळी झालेल्या १९ जणांना औषध दिले नव्हते, त्यातले पाच जण गुठळीने मेले. १६ जणांना दिले, त्यातला एकही गुठळीने मेला नाही. चाचणी तिथेच थांबवावी लागली. कारण औषध न देणे आता पाप ठरणार होते.

पण मोजणाऱ्यांसाठी सर्वात अस्वस्थ करणारा शोध १९६९ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातून आला. विजय कक्कर या भारतीय वंशाच्या शल्यविशारदाने शस्त्रक्रिया झालेल्या १३२ रुग्णांना किरणोत्सर्गी आयोडीन जोडलेले फायब्रिनोजेन हे रक्त गोठताना लागणारे प्रथिन टोचले आणि पायावर रोज यंत्र फिरवले. गुठळी होत असेल तिथे हे द्रव्य जमते आणि यंत्र ते पकडते. १३२ पैकी ४० जणांच्या पायात गुठळी सापडली. बऱ्याच जणांचा पाय ना सुजला होता, ना दुखत होता. त्यातल्या कित्येक गुठळ्या काही दिवसांत आपोआप विरघळून गेल्या. १९७५ मध्ये कक्कर यांच्याच नेतृत्वाखाली चार हजारांहून जास्त रुग्णांवर चाचणी झाली. हेपारिनचे छोटे डोस दिलेल्या गटात फुप्फुसातल्या गुठळीने दोन मृत्यू झाले, न दिलेल्या गटात सोळा. शस्त्रक्रियेआधी हेपारिनची सुई टोचण्याची आजची पद्धत इथून रूढ झाली.

कक्कर यांच्या १९६९ च्या प्रयोगाचा दुसरा अर्थ मात्र आकडेवारीच्या लोकांना कळायला वेळ लागला. लक्षणे नसलेल्या गुठळ्या इतक्या असतील, तर एखाद्या गावात ‘गुठळीचे प्रमाण किती’ या प्रश्नाचे उत्तर कशाने बघता यावर अवलंबून राहणार. हाताने पोटरी दाबून बघणाऱ्या डॉक्टरला एक आकडा मिळेल, शिरेत रंग सोडून एक्स-रे काढणाऱ्याला दुसरा, मेलेल्यांचे शवविच्छेदन करणाऱ्याला तिसरा.

स्वीडनमधल्या माल्मो शहराने या तिसऱ्या वाटेने मोजले. तिथे रुग्णालयात मेलेल्या बहुतेकांचे शवविच्छेदन होत असे, त्यामुळे सुटलेल्या नोंदी फार थोड्या. १९५७ ते १९८७ या तीस वर्षांतल्या शवविच्छेदनांची तुलना केली तेव्हा गुठळ्यांचे प्रमाण जवळजवळ तेच राहिल्याचे दिसले. शस्त्रक्रियेच्या रुग्णांना औषधे मिळू लागली होती हे खरे, पण दरम्यान रुग्णालयात मरणारी माणसे जास्त म्हातारी झाली होती. एका हाताने कमावले ते दुसऱ्या हाताने गेले.

वय हा या आजाराचा सर्वात हट्टी घटक आहे. चाळिशीच्या आत वर्षाला दहा हजारांत सुमारे एकाला गुठळी होते, तर पंच्याहत्तरी-ऐंशीच्या पुढे शंभरात एकाला. म्हणून शहर म्हातारे होते तसा आकडा फुगतो, दुसरे काहीही बदलले नाही तरी.

मिनेसोटातल्या ओल्मस्टेड जिल्ह्याने आणखी वेगळी सोय केली होती, आणि तीही अपघाताने. मेयो क्लिनिकमधल्या हेन्री प्लमर या डॉक्टरने १९०७ मध्ये प्रत्येक रुग्णाला एकच क्रमांक आणि एकच फाइल द्यायची पद्धत घातली. त्याआधी प्रत्येक डॉक्टरची स्वतःची वही असे. पन्नास-साठ वर्षांनी या फाइलींची किंमत कळली. लेनर्ड कर्लंड यांनी १९६६ मध्ये अख्ख्या जिल्ह्याच्या नोंदी जोडल्या, आणि एकाच लोकसंख्येतले आजार दशकानुदशके बघता येऊ लागले. १९६६ ते १९९० या काळात तिथे पहिल्यांदा गुठळी झालेले २,२१८ रुग्ण सापडले, म्हणजे लाखामागे वर्षाला ११७. शेवटच्या पंधरा वर्षांत फुप्फुसातल्या गुठळ्यांचे प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी उतरले होते. पायातल्या गुठळ्या पुरुषांत होत्या तेवढ्याच राहिल्या. पंचावन्नच्या आतल्या बायकांत त्या कमी झाल्या आणि साठीपुढच्या बायकांत वाढल्या.

तरुण बायकांच्या आकड्यामागे ज्या गोष्टींचा विचार करावा लागतो, त्यातली एक वुस्टरलाच घेऊन येते. शहराला खेटून असलेल्या श्रूसबरी गावातल्या वुस्टर फाउंडेशनमध्ये ग्रेगरी पिंकस आणि मिन-च्यू चँग यांनी १९५० च्या दशकात गर्भनिरोधक गोळीवर काम केले. १९६० मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये ही गोळी घेणाऱ्या एका परिचारिकेच्या फुप्फुसात गुठळी झाल्याची नोंद ‘लॅन्सेट’मध्ये आली. नंतरच्या अभ्यासांनी संबंध पक्का केला. १९६९ मध्ये ब्रिटिश औषध सुरक्षा समितीने जास्त इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळायला सांगितले आणि गोळीतली मात्रा उतरत गेली. ज्या शहराच्या दाराशी ही गोळी घडली, त्याच शहरात पंचवीस-तीस वर्षांनी गुठळ्यांची गणती सुरू झाली. योगायोग म्हणायचा, पण बोलका.

आता वुस्टरच्या चढत्या आकड्याकडे पुन्हा बघता येते. १९८५ ते २००९ मधली वाढ मुख्यतः फुप्फुसातल्या गुठळ्यांची होती. या काळात फुप्फुस तपासायचे यंत्र बदलले होते. १९९२ मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात मार्टीन रेमी-जार्दँ यांनी वेगवान सर्पिल सीटी स्कॅनने फुप्फुसातली गुठळी दाखवली. २००० नंतर हे यंत्र अमेरिकेतल्या जवळजवळ प्रत्येक तातडीच्या विभागात पोहोचले. छातीत दुखतेय म्हणून आलेल्या माणसाचे दहा मिनिटांत स्कॅन होऊ लागले आणि पूर्वी डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक फांद्यांतल्या गुठळ्याही पडद्यावर आल्या.

अख्ख्या अमेरिकेचे आकडे हेच सांगतात. १९९८ ते २००६ या आठ वर्षांत फुप्फुसातल्या गुठळीचे निदान लाखामागे ६२ वरून ११२ वर गेले. मृत्यू मात्र लाखामागे बाराच्या आसपासच राहिले. आजार खरोखर जवळजवळ दुप्पट झाला असता तर मरणारेही वाढले असते. तसे झाले नाही. निदान झालेल्यांपैकी मरणाऱ्यांचे प्रमाण १२ टक्क्यांवरून आठच्या खाली आले, कारण यादीत आता सौम्य रुग्णांची भर पडली होती. त्यातल्या काहींना औषधाची गरज नव्हती. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे होणारा रक्तस्राव मात्र त्यांच्या वाट्याला येऊ शकत होता.

नॉर्वेत, आर्क्टिक वर्तुळाच्या पलीकडे असलेल्या ट्रॉम्सो शहरात १९९६ ते २०११ या काळात एकूण प्रमाण लाखामागे १५८ वरून २०१ वर गेले. त्यातही फुप्फुसातल्या गुठळ्या ४५ वरून ११३ झाल्या आणि पायातल्या ११२ वरून ८८ वर उतरल्या. हवामान आणि खाणे वेगळे असूनही चित्र वुस्टरसारखेच.

तरी सगळा दोष यंत्राच्या माथी मारता येणार नाही. वुस्टरच्या वहीत आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती जास्त उपयोगाची आहे. १९९९, २००१ आणि २००३ या वर्षांतल्या रुग्णांचा फ्रेडरिक स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी बारकाईने अभ्यास केला. गुठळी झालेल्या सुमारे १,९०० जणांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोकांना ती रुग्णालयाबाहेर, घरी असताना झाली होती. पण या घरच्या रुग्णांपैकी ३७ टक्के जण मागच्या तीन महिन्यांत रुग्णालयात राहून आले होते आणि २३ टक्क्यांची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. रुग्णालयात असताना प्रतिबंधक औषध मिळाले होते ते निम्म्याहून कमी जणांना.

म्हणजे अंथरूण तेच राहिले, फक्त त्याची जागा बदलली. पूर्वी रुग्ण तीन आठवडे वॉर्डात पडून असे, गुठळी तिथेच होई आणि वॉर्डाच्या नोंदीत येई. आता तो तिसऱ्या दिवशी घरी जातो. घरी गेल्यावर चालतोय की पलंगावर टीव्ही बघत पडलाय, हे बघायला कुणी नसते. पायाला सूज आली तर ती ‘बसून बसून आली असेल’ म्हणून आठवडाभर अंगावर काढली जाते.

इंग्लंडने हे ओळखून २०१० पासून दाखल होणाऱ्या प्रत्येक प्रौढ रुग्णाचा गुठळीचा धोका कागदावर मांडणे बंधनकारक केले. युरोपात २००० ते २०१५ या काळात फुप्फुसातल्या गुठळीने होणारे मृत्यू लाखामागे १२.८ वरून ६.५ वर आले, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदींवरून दिसते. निदाने वाढत असतानाच मृत्यू निम्म्यावर येणे, ही या शंभर वर्षांतली खरी कमाई.

भारतात हा इतिहास दुसऱ्या दाराने येतो. आपल्याकडे डॉक्टरांना बराच काळ गुठळी दिसली ती मेंदूच्या शिरेत, आणि तीही बाळंतिणींच्या. बाळंतपणानंतर आठ-दहा दिवसांत डोके फाटल्यासारखे दुखणे, फिट येणे, एक बाजू लुळी पडणे. मदुराईच्या के. श्रीनिवासन यांनी १९८३ मध्ये गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरांत किंवा धमन्यांत गुठळी झालेल्या १३५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रक्तक्षय, घरची बाळंतपणे, जंतुसंसर्ग आणि बाळंतिणीला पाणी मोजून देण्याची चाल यांकडे न्यूरॉलॉजिस्ट बोट दाखवत आले आहेत. ही चाल महाराष्ट्रालाही परकी नाही. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, सव्वा महिना उंबरा न ओलांडणे आणि ‘जास्त पाणी प्यायलीस तर पोट सुटेल’ हा घरच्या बायकांचा धाक अजून कित्येक घरांत ऐकू येतो.

२००२ ते २०१० या काळात हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये मेंदूच्या शिरेत गुठळी झालेल्या ४२८ जणांची नोंद झाली. त्यात बाळंतिणी दहा टक्क्यांच्या आसपास उरल्या होत्या आणि पुरुष निम्म्याहून जास्त होते. रुग्णालयातल्या नोंदी म्हणजे गावाचा दर नव्हे, पण बाळंतपणाच्या रीती कशा बदलत गेल्या ते ठाऊक आहे. २००५-०६ मध्ये देशातली ३९ टक्के बाळंतपणे रुग्णालयात होत होती, २०१९-२१ मध्ये ८९ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण ९५ टक्क्यांवर पोहोचले. त्याच काळात देशातले सिझेरियनचे प्रमाण साडेआठ टक्क्यांवरून साडेएकवीसवर गेले, आणि सिझेरियननंतर गुठळीचा धोका साध्या बाळंतपणापेक्षा जास्त असतो. एक धोका मागे पडला, दुसरा पुढे आला.

गोऱ्या लोकांत सुमारे पाच टक्क्यांना असणारा ‘फॅक्टर फाइव्ह लायडन’ हा जनुकीय दोष आपल्याकडे कमी आढळतो. म्हणून भारतीयांना गुठळ्या होतच नाहीत, असा एक सोयीस्कर समज वैद्यकातही होता. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजने १९९६ ते २००५ या दहा वर्षांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दाखल झालेल्या दर दहा हजार रुग्णांमागे सुमारे १७ जणांच्या खोल शिरांत गुठळी सापडली. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली रक्तविज्ञानाची राष्ट्रीय संस्था भारतीय रुग्णांतल्या जनुकीय कारणांवर अनेक वर्षे काम करते आहे. २०२० मध्ये कोविड आला आणि महाराष्ट्रातल्या घराघरांत, गुठळीची चाहूल देणाऱ्या रक्तचाचणीविषयीचा, ‘डी-डायमर किती आला?’ हा प्रश्न ऑक्सिजनच्या आकड्याइतकाच सवयीचा झाला. गुठळी भारतीयांना होते, हे त्या दोन वर्षांत वेगळे सांगावे लागले नाही.

एवढे होऊनही हातात आहेत ते रुग्णालयांचे आकडे. ज्याचा पाय सुजला पण जो मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचला नाही, तो त्यात नाही. शस्त्रक्रियेनंतर पंधराव्या दिवशी स्वयंपाकघरात कोसळलेल्या बाईच्या नावापुढे ‘हार्ट ॲटॅक’ लिहिले जाते आणि विषय संपतो.

वुस्टरसारखे काम महाराष्ट्रात अशक्य नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची घरोघर चौकशी केली आणि पक्षाघात हे तिथल्या मृत्यूंचे पहिल्या क्रमांकाचे कारण असल्याचे २०१५ मध्ये दाखवून दिले. तोवर ग्रामीण आदिवासी भागात पक्षाघात हा प्रश्नच धरला जात नव्हता. पुणे जिल्ह्यात वढू परिसरातल्या गावांच्या जन्ममृत्यूची सलग नोंद २००२ पासून ठेवली जाते. अशा एखाद्या पट्ट्यात, तिथल्या सगळ्या दवाखान्यांचे केसपेपर जोडून, एकाच व्याख्येने पुढची पंचवीस वर्षे गुठळ्या मोजायला हव्यात. यंत्र बदलले तर ते कधी बदलले, तेही त्याच वहीत लिहायला हवे. तोपर्यंत शस्त्रक्रिया किंवा बाळंतपण होऊन तीन महिने उलटलेले नसतील आणि एकच पाय सुजला किंवा अचानक धाप लागली, तर घरी वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे.